बुरोंडीचा उतारू आणि संभाव्यतेचे गणित

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात, उत्तरेस हर्णै आणि दक्षिणेस दाभोळ या दोन जुन्या बंदरांच्या दरम्यान, बुरोंडी हे मच्छीमारांच्या वस्तीचे गाव समुद्रकाठी वसलेले आहे. गावाला रेल्वे नाही. जवळचे स्थानक खेड. विमानतळ तर दूरच. तरीही विमान कंपन्यांच्या कचेऱ्यांत गेल्या सहासात दशकांत जे एक विशिष्ट गणित विकसित झाले, त्याचे गुणदोष पारखण्यास बुरोंडीसारखे दुसरे सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. येथला माणूस आगबोटीने गेला, एस. टी.ने गेला, रेल्वेने गेला आणि 1970 नंतरच्या काळात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील इतर अनेकांप्रमाणे मुंबईहून विमानाने आखाती देशांतही गेला. यातील प्रत्येक वाहनाच्या चालकापुढे प्रश्न एकच होता : जितके येणार म्हणून सांगतात, त्यांपैकी प्रत्यक्षात येतील किती? या प्रश्नाला प्रत्येक वाहनाने निराळे उत्तर दिले. अंदाज चुकला असता त्याचा भार कोणी उचलावयाचा, याचे उत्तर तर त्याहूनही निराळे होते.

आगबोटींचा काळ प्रथम पाहू जाता असे दिसते की, त्या काळी हा प्रश्न गणिताच्या रूपात उभाच राहिला नाही. हर्णैसारख्या बंदरात बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावांतून तिच्यापर्यंत नेले जाई. डेकच्या तिकिटावर जागेचा क्रमांक नसे. मिळेल तेथे पथारी पसरणे हेच आरक्षण. प्रत्येक बोटीवर किती उतारू घ्यावयाचे याची मर्यादा कायद्याने ठरवून दिलेली असे हे खरे. परंतु डेक ही वस्तूच अशी की, पन्नास माणसे अधिक आली तर प्रत्येकाने चार बोटे सरकावयाचे. दाटी किती आहे हे उतारूला बोटीवर चढल्यानंतरच कळे. अशा व्यवस्थेत कोण येणार नाही याचा अंदाज बांधण्याची कंपनीला गरज नव्हती. न आलेल्याची जागा रिकामी राहत नसे आणि जास्त आलेल्याला परत पाठवावे लागत नसे. अंदाजाची चूक सर्वांमध्ये थोडी थोडी वाटली जाई.

परंतु ती वाटणी नेहमीच चार बोटांची नसे. 17 जुलै 1947 रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट वाटेत खवळलेल्या समुद्रात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. रेवसकडील कोळ्यांनी आपल्या होड्यांतून काहींना वाचविले. त्या सकाळी बोटीवर नेमकी किती माणसे होती याचे आकडे आजही वेगवेगळे सांगितले जातात. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत बोलकी होय. उतारूंची संख्या ही आधी वर्तविण्याची तर नाहीच, पण नंतर खात्रीने सांगण्याचीही बाब नव्हती.

‘उतारू’ हा शब्द या संदर्भात ध्यानी घेण्याजोगा आहे. आज ‘प्रवासी’ या संस्कृत शब्दाने त्याला बहुतेक हुसकावून लावले आहे. ‘उतारू’चा संबंध ‘उतरणे’ आणि ‘उतार’ यांच्याशी आहे, आणि नदी पायी पार करता येते त्या जागेसही ‘उतार’च म्हणतात. म्हणजे उतारू तो, जो पार जातो, पलीकडे उतरतो. या शब्दात निघण्यापूर्वीच्या अवस्थेला स्थान नाही. ज्याने तिकीट घेतले पण जो आला नाही, त्याला उतारू म्हणता येणार नाही. आणि ज्याने तिकीट घेतले, जो आलाही, पण ज्याला घेतले गेले नाही, त्यालाही म्हणता येणार नाही. पहिल्याला विमान व्यवसायात ‘नो-शो’ म्हणतात. दुसऱ्याला मराठीत अद्याप नाव नाही. पुढील इतिहास मुख्यतः या बिननावाच्या माणसाचा आहे.

रेल्वेने या प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला आणि दापोलीकडील माणसाला खेड स्थानकामुळे शयनयानाचे आरक्षण हा प्रकार जवळचा झाला. भारतीय रेल्वे शयिकांहून अधिक तिकिटे विकते. पण त्या अधिक तिकिटांवर तसे स्पष्ट लिहून देते. एकाच्या तिकिटावर शयिकेचा क्रमांक असतो, दुसऱ्याच्या तिकिटावर ‘आरएसी’ असे असते, म्हणजे बसावयास जागा मिळेल, निजावयास मिळेलच असे नाही. आणि तिसऱ्याचा प्रतीक्षायादीतील क्रमांक असतो. कोण येत नाही हे कळत जाईल तसतसा हा क्रम वर सरकतो. येथेही न येणाऱ्यांच्या संख्येवरच सारे अवलंबून आहे. परंतु अनिश्चितता उतारूच्या हातात दिलेली आहे आणि ती शब्दांत व आकड्यांत दिलेली आहे. खेडच्या फलाटावर उभा असलेला माणूस आपण 12 वे आहोत की 112 वे हे जाणतो व त्याप्रमाणे मुंबईला जाण्याचा दुसरा मार्ग शोधतो.

विमानाचे तसे नाही. विमानात डेक नाही आणि अर्धी जागाही नाही. आसने सत्तर असतील तर एकाहत्तरावा माणूस कोणत्याही उपायाने नेता येत नाही. उलट रिकामे आसन विमान उडताक्षणी कायमचे वाया जाते. भाजीप्रमाणे ते दुसऱ्या दिवशी स्वस्तात विकता येत नाही. त्यातून अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात आरक्षण करून न येणाऱ्यास फारसा दंड नसे, त्यामुळे एकाच माणसाने दोनतीन उड्डाणांवर जागा धरून ठेवाव्या व सोयीचे तेवढे एक घ्यावे, हे सहज शक्य होते. अमेरिकेच्या नागरी विमान मंडळाने 1961 च्या सुमारास बारा प्रमुख कंपन्यांची पाहणी केली, तेव्हा दर दहा आरक्षित प्रवाशांमागे सुमारे एक जण येतच नाही असे आढळले. कंपन्यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे आसनांहून अधिक तिकिटे विकणे. तो अनेक वर्षे उघडपणे सांगितला जात नव्हता.

हा उपाय डोळे झाकून करण्याचा नव्हे, त्याला गणिताचा आधार देता येतो, हे 1958 ते 1962 या अल्पकाळात तिघा संशोधकांनी दाखविले. मार्टिन बेकमन यांचा निबंध 1958 साली ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात रिकाम्या आसनाचे नुकसान आणि माघारी पाठविलेल्या प्रवाशाचे नुकसान यांचा तोल साधला होता. 1961 साली एच. आर. थॉम्प्सन यांनी प्रश्न अधिक साधा केला. नुकसानीचा हिशेब बाजूस ठेवून, कोणी माघारी जाण्याची संभाव्यता एका ठराविक मर्यादेच्या आत ठेवावयाची असेल तर किती तिकिटे विकावी, एवढेच त्यांनी विचारले. 1962 साली सी. जे. टेलर यांनी त्यात एकत्र प्रवास करणाऱ्या गटांचा विचार घातला. या तिसऱ्या सुधारणेचे महत्त्व कोकणाच्या संदर्भात किती मोठे आहे, ते पुढे दिसेल.

गणिताचा पाया मात्र फार जुना. याकोब बर्नुली यांचा ‘आर्स कंजेक्टांडी’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1713 साली निघाला. एकाच प्रकारची कृती पुनःपुन्हा केली असता तीत यश किती वेळा येईल याची संभाव्यता काढण्याची रीत त्यात आहे. तिला मराठीत द्विपद विभाजन म्हणतात. बर्नुलींच्या प्रयोगात खेळाचे दान किंवा पात्रातील खडे असत. विमान कंपनीच्या हिशेबात त्यांच्या जागी प्रवासी आला. प्रत्येक प्रवासी हे जणू एक दान : पडले तर आला, न पडले तर नाही. (ज्या दापोली तालुक्याने महर्षी धोंडो केशव कर्वे हे गणिताचे अध्यापक आणि 1899 साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, असे दोघे गणिती दिले, त्या तालुक्यातील वाचकास हा हिशेब जड वाटू नये.)

उदाहरणादाखल सत्तर आसनांचे विमान घ्यावे. 2021 साली सिंधुदुर्गातील चिपी येथे विमानतळ सुरू झाला तेव्हा तेथे याच आकाराची विमाने उतरू लागली. दर दहा प्रवाशांत एक येत नाही, हे 1961 चे प्रमाण धरावे. सत्तरच तिकिटे विकली, तर सरासरीने 63 प्रवासी येतील व सात आसने रिकामी जातील. 72 तिकिटे विकली, तर कोणाला तरी माघारी पाठविण्याची संभाव्यता अर्ध्या टक्क्याहूनही कमी, म्हणजे दोनशेहून अधिक उड्डाणांत एकदा. 74 विकली, तर ती सुमारे 5.4 टक्के होते, म्हणजे अठराएकोणीस उड्डाणांत एकदा. 76 विकली, तर सुमारे 21.6 टक्के, दर पाच उड्डाणांत एकदा तरी दाराशी भांडण ठरलेले. या आकड्यांत लक्षात घेण्यासारखे हे की, 76 तिकिटे विकूनही सरासरीने 68 च माणसे येतात. सरासरी पाहणाऱ्या व्यवस्थापकास दोन आसने अजून रिकामी दिसतात आणि तो आणखी दोन तिकिटे विकावयास प्रवृत्त होतो. सरासरीवर विसंबू नये, तिच्या भोवतीचा विस्तार पाहावा, हा या शास्त्राचा पहिला धडा होय. आणि तो धोका प्रत्येक दोन तिकिटांगणिक किती झपाट्याने चढतो, हे वरील तीन आकड्यांवरून स्पष्ट होते.

परंतु या सर्व हिशेबाला एक गृहीतक आहे. एक प्रवासी येतो की नाही याचा दुसरा येतो की नाही याशी काही संबंध नाही, असे त्यात मानलेले असते. गणितात याला स्वतंत्रता म्हणतात. कामानिमित्त एकट्याने फिरणाऱ्या, हातात एक पेटी घेतलेल्या प्रवाशाच्या बाबतीत हे गृहीतक बरेचसे खरे असेल. कोकणात ते खरे नाही, हे तेथील कोणालाही सांगावे लागत नाही. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी एकटा येत नाही. कुटुंबच्या कुटुंब येते, अनेकदा वाडीच्या वाडी येते. एस. टी. महामंडळ गणेशोत्सवात गट आरक्षणाने सबंध गाड्या देते, त्यामागे हीच वस्तुस्थिती आहे. अशा गटात एक माणूस आला नाही तर बहुधा कोणीच येत नाही, आणि आजीने जायचे ठरविले तर सारे येतात.

याचा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. वरील सत्तर आसनांच्या विमानाची 72 तिकिटे 72 स्वतंत्र माणसांनी न घेता प्रत्येकी चार माणसांच्या अठरा कुटुंबांनी घेतली, आणि प्रत्येक कुटुंब येण्याची संभाव्यता तीच, दहात नऊ, राहिली, असे समजावे. येणाऱ्यांची सरासरी तिळमात्र बदलत नाही. ती पूर्वीइतकीच, 64.8. परंतु एकही कुटुंब गळले नाही तर दोन माणसे जास्त होतात, आणि अठराही कुटुंबे येण्याची संभाव्यता सुमारे 15 टक्के आहे. अर्ध्या टक्क्याहून कमी असलेला धोका पंधरा टक्क्यांवर गेला, तो केवळ माणसे एकमेकांची होती म्हणून. शिवाय जी दोन माणसे खाली राहतात ती कोणा तरी चौघांपैकी दोन असतात. ती वेगळी केली जातात, किंवा मग चौघेही राहतात आणि दोन आसने रिकामी उडतात. टेलर यांनी 1962 साली गटांचा विचार हिशेबात घेतला त्याचे मर्म हे. विद्यार्थ्यांना शिकविल्या जाणाऱ्या सोप्या उदाहरणांतून मात्र गट बहुधा गाळले जातात, आणि विद्यार्थ्याची समजूत होते की माणसे नाण्यांसारखी असतात.

स्वतंत्रता मोडण्याचे दुसरेही एक कारण आहे, ते म्हणजे सर्वांवर एकाच वेळी कोसळणारे संकट. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीला महापूर येऊन चिपळूण पाण्याखाली गेले, त्याच पावसात महाड तालुक्यातील तळिये गाव दरडीखाली गाडले गेले, आणि कोकणातून मुंबईकडे जाणारे रस्ते व रेल्वेमार्ग यांवरील वाहतूक ठिकठिकाणी खंडित झाली. अशा दिवशी बुरोंडीहून, दाभोळहून, गुहागरहून निघालेल्या माणसांच्या ‘येण्याच्या संभाव्यता’ वेगवेगळ्या राहत नाहीत. त्या सर्व एकदमच खाली येतात. मुंबईच्या विमानतळावर त्यांची आसने एकगठ्ठा रिकामी राहतील. गणिताच्या दृष्टीने हे कंपनीच्या फायद्याचे, कारण कोणी माघारी जात नाही. पण ज्या सरासरीवरून पुढील महिन्याचा अंदाज बांधावयाचा, त्या सरासरीत हा दिवस धरला तर न येणाऱ्यांचे प्रमाण फुगते, जास्त तिकिटे विकली जातात, आणि रस्ता मोकळा झाल्यावर वेळेवर पोहोचलेल्या माणसाला त्याचा उपसर्ग होतो.

आता त्या माघारी पाठविलेल्या माणसाकडे वळावयाचे. तो कोण असावा हे गणित सांगत नाही. किती असतील एवढेच सांगते. दीर्घकाळ असा दंडक होता की जो उशिरा आला तो राहिला. दिसावयास हा न्याय्य वाटतो. परंतु जो दुरून येतो त्याच्या वाटेत खाडी, घाट आणि गाड्यांची अदलाबदल अधिक असते. तेव्हा उशीर होण्याची संभाव्यता अंधेरीच्या रहिवाशापेक्षा बुरोंडीच्या रहिवाशाची अधिक. तटस्थ दिसणारा नियम अशा रीतीने भूगोलाकडे झुकतो.

28 एप्रिल 1972 रोजी वॉशिंग्टनच्या विमानतळावर ग्राहक चळवळीचे पुढारी राल्फ नेडर यांना, जागा निश्चित असूनही, अ‍ॅलेगेनी एअरलाइन्सच्या विमानात घेतले गेले नाही. त्यांनी दावा लावला. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1976 साली निर्णय झाला की, जादा तिकिटे विकण्याची प्रथा प्रवाशापासून लपवून ठेवणे याविरुद्ध सामान्य न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग खुला आहे. वादाचे मूळ एका शब्दात होते. कंपनीने ‘निश्चित’ म्हटले होते. कंपनीच्या वहीत त्या शब्दाचा अर्थ ‘बहुतेक’ असा होता. प्रवाशाच्या कानी तो ‘नक्की’ असा पडला. एकाच शब्दाच्या दोन अर्थांमधील हे अंतर कंपनीला अचूक माहीत होते, टक्केवारीसह. आणि प्रवाशाला त्याचे अस्तित्वच माहीत नव्हते. रेल्वेच्या प्रतीक्षायादीशी तुलना केली असता फरक येथेच दिसतो. अनिश्चितता दोन्हीकडे आहे. एके ठिकाणी ती तिकिटावर छापलेली आहे.

या पेचातून निघण्याची एक सोपी युक्ती ज्यूलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने 1968 सालीच सुचविली होती. जादा प्रवासी आले असता प्रत्येकाने, पुढील विमानापर्यंत थांबण्यास आपण किती पैशांत तयार आहोत ते कागदावर लिहून बंद पाकिटात द्यावे, आणि सर्वांत कमी मागणारास ती रक्कम देऊन थांबवावे. कंपन्यांनी त्या वेळी ही सूचना मनावर घेतली नाही. 1978 साली आल्फ्रेड कान हे नागरी विमान मंडळाचे अध्यक्ष असताना, सक्ती करण्यापूर्वी स्वेच्छेने थांबणारे शोधावेत, असा नियम झाला. पाकिटे मात्र गेली. त्यांची जागा दाराशी पुकारल्या जाणाऱ्या रकमेने घेतली.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने या विषयीचे नियम 2010 साली केले आणि 2016 साली त्यांत सुधारणा केली. त्या नियमांतही प्रथम स्वयंसेवक शोधावयाचे आहेत. ते न मिळाल्यास, निश्चित तिकीट असलेल्या व वेळेवर हजर झालेल्या प्रवाशास नाकारले असता, तासाभराच्या आत सुटणारे दुसरे विमान दिल्यास भरपाई नाही. 24 तासांच्या आत दिल्यास मूळ एकेरी भाडे व इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल 10,000 रुपये. त्याहून उशीर झाल्यास चौपट, कमाल 20,000 रुपये. हे आकडे 2016 च्या सुधारणेतील होत. जादा तिकिटे विकण्यास या नियमांनी बंदी केली नाही. फक्त माघारी पाठविण्याला किंमत लावली, आणि त्यामुळे बेकमन यांच्या 1958 च्या समीकरणात जी राशी कंपनीने स्वतः अंदाजाने भरावयाची होती, तिची निदान एक बाजू सरकारने भरून दिली.

परंतु ‘वेळेवर हजर’ या शब्दांत पुन्हा बुरोंडीचा रस्ता येतो. नियमातील एक तास आणि चोवीस तास हे विमानाच्या ठरलेल्या वेळेपासून मोजले जातात. आखाताकडे निघालेल्या माणसाचा प्रवास आदल्या दिवशी गावच्या एस. टी. थांब्यावरच सुरू झालेला असतो. विमान दुसऱ्या दिवशीचे मिळाले तर मुंबईत रात्र काढावयाची, पोहोचवावयास आलेल्यांना परत पाठवावयाचे की थांबवावयाचे ते ठरवावयाचे, आणि तिकडे कामावर रुजू होण्याची तारीख टळत असेल तर मालकाला कळवावयाचे. स्वयंसेवक कोण होतो, याचा विचार सायमन यांच्या पाकिटात होता. ज्याला थांबणे सोपे, तो कमी रक्कम लिहील. ज्याची नोकरी उद्यावर टेकलेली आहे, तो इतकी लिहील की त्याला कोणी थांबविणारच नाही. कमाल 20,000 रुपयांच्या कोष्टकात या दोघांची किंमत एकच धरलेली आहे.